धुराची गाडी येऊन गेली तरी डेंग्यू का होतो? वाचकांचे प्रश्न

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत डासांशिवाय दुसरं काही नसतं. नाशिक शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून यावेळी आलेली पत्रं वाचली तर सगळ्यांच्या मनात एकच आहे, की ही फवारणी खरंच लागू पडते का. निवडक पत्रं घेतलीत, काही उत्तरं लांबलीत, पण प्रश्न घरातल्या पोराबाळांच्या तापाचा आहे म्हटल्यावर तेवढं चालायचंच.

सिडकोतून एक ताई विचारतात: सर, गणपतीच्या आधी आमच्या गल्लीत धुराची गाडी येऊन गेली, पुढचं माणूस दिसेना एवढा धूर केला, आणि आठवड्याभरातच शेजारी दोघांना डेंग्यू निघाला, माझ्या पुतण्यालाही. लोक म्हणतात त्यात औषध नसतंच, नुसतं डिझेल जाळतात. आणि गाडी आली की आम्ही दारं-खिडक्या गच्च लावून घेतो, ते बरोबर आहे ना?

ताई, आधी पुतण्याचं बघू. ताप उतरला म्हणून निर्धास्त राहू नका, डेंग्यूत खरी काळजी घ्यायची वेळ बऱ्याचदा ताप उतरतानाच येते. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, पोरगं एकदम मलूल पडणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका. आणि ताप असेपर्यंत त्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा, कारण त्याला चावलेला डास आठ-बारा दिवसांनी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी डेंग्यू देऊ शकतो.

आता धुराचं. डिझेलचा वास येतो म्हणून औषध नसतं असं नाही. गाडीच्या मशीनमध्ये मॅलॅथिऑन हे कीटकनाशक भरतात तेव्हा ठरलेलं प्रमाणच १ भाग औषध आणि १९ भाग डिझेल असं आहे, म्हणजे तुम्हाला दिसतो तो पांढरा ढग जवळजवळ सगळा डिझेलचाच असणार. धूर किती दाट आहे यावरून औषध किती आहे हे कुणालाच सांगता येत नाही, ना बरं ना वाईट.

खरी अडचण वेगळीच आहे. हा धूर फक्त त्या क्षणी उडत असलेल्या डासाला मारतो, तेही औषधाचा बारीक थेंब त्याच्या अंगाला लागला तर. हवा मोकळी झाली की परिणाम संपला, भिंतीवर जमिनीवर काही टिकत नाही. आणि डेंग्यूचा एडीस डास गल्लीत कुठे असतो हो? तो घरात असतो! पलंगाखाली, दारामागे टांगलेल्या कपड्यांत, पडद्याच्या चुण्यांत, कपाटाच्या फटीत, अंधार बघून गप्प बसलेला असतो. बाहेर धूर आणि आत दारं बंद, म्हणजे डास आत एकदम सुरक्षित. म्हणून गाडी येते तेव्हा दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या असतात. त्याआधी पाणी, अन्न, भांडी झाकून घ्या, फिश टँक असेल तर त्याच्यावर झाकण टाका आणि त्याचा एअर पंप बंद करा, दमा असलेल्यांना आणि लहान बाळांना दुसरीकडे न्या, थोड्या वेळाने धूर बसला की पंखे लावून घर मोकळं करा आणि मगच आत या.

वेळेचाही प्रश्न असतो. एडीस दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यावर दोनेक तास आणि मावळतीच्या आधी सगळ्यात जास्त. भर दुपारी उन्हात धूर मारला तर तापलेली हवा तो वर घेऊन जाते, डासापर्यंत पोचतच नाही. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, वारा पडलेला असताना मारला तरच अर्थ आहे.

समजा सगळं नीट झालं, वेळ बरोबर, दारं उघडी, औषध पुरेसं, आणि गल्लीतले झाडून सगळे डास मेले. तरी पिंपातल्या अळ्या आणि कोष तसेच राहतात, पाण्यात धूर शिरत नाही. कोषातून डास बाहेर यायला दोनेक दिवस पुरतात. अंड्यापासून डास व्हायला आपल्याकडच्या हवेत साधारण सात ते दहा दिवस. म्हणजे आज धूर झाला आणि पिंप तसंच राहिलं तर पुढच्या आठवड्यात पहिले पाढे पंचावन्न. २०१० साली जगभरातले अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा घेतला गेला होता, त्यात घराभोवती अशी हवेतली फवारणी एकटीच केली तर डेंग्यू कमी होतो असा ठोस पुरावा मिळाला नाही. साथ भडकलेली असताना, पेशंटच्या घरात आणि आजूबाजूच्या घरांत आत जाऊन, थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा पुन्हा केली तर विषाणू घेऊन फिरणारे डास कमी व्हायला मदत होते, त्यासाठी ती करावीच. पण तिच्या भरवशावर बसू नये.

आणि आठवड्याभरात पेशंट निघाले म्हणजे औषध खोटं होतं असंही लगेच म्हणता येत नाही. डास चावल्यापासून ताप यायला चार ते दहा दिवस जातात, त्यामुळे पुतण्याला चावलेला डास कदाचित गाडी यायच्या आधीच चावून गेलेला असेल. शिवाय डेंग्यूचा विषाणू अंगात गेलेल्या बहुतेक लोकांना काहीच त्रास होत नाही, त्यांची कुठे नोंद होत नाही, मग फक्त पेशंटच्या घराभोवती फवारून साखळी पूर्ण तुटणार कशी.

पंचवटीतून एक ज्येष्ठ वाचक लिहितात: आमच्या लहानपणी गावाकडे मलेरियावाले यायचे, घरात भिंतींना डीडीटी मारायचे, दारावर तारीख लिहून जायचे. मलेरिया गेला होता. तेच औषध आता का मारत नाहीत? सरकारला नको आहे का?

काका, तुमची आठवण अगदी बरोबर आहे आणि त्या माणसांचं ऋण फार मोठं आहे. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास देशात वर्षाला साधारण साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठ लाख माणसं मरायची. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली तो निर्मूलनाचा केला, आणि साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत आकडा लाखाच्या आसपास आला. एवढी मोठी घसरण भिंतीवरच्या फवारणीने करून दाखवली, त्यामुळे फवारणी म्हणजे सगळा फोलपणा असं जे आजकाल सर्रास बोललं जातं ते मला अजिबात पटत नाही.

पण ती फवारणी आणि आजचा गल्लीतला धूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मलेरियाची ॲनोफिलिस मादी रात्री रक्त पिते आणि जड पोटाने जवळच्या भिंतीवर जाऊन बसते. भिंतीवर चौरस मीटरला १ ग्रॅम या हिशोबाने डीडीटी मारलेलं असेल तर तिच्या पायांना ते लागतं आणि ती मरते, रोग पुढे न्यायच्या आत. ते औषध भिंतीवर दहा-बारा आठवडे टिकायचं म्हणून वर्षातून दोन फेऱ्या पुरायच्या. मात्र फवारणीनंतर सणाला घर सारवलं किंवा चुना लावला की औषध त्याखाली गेलं, सगळी मेहनत वाया. म्हणून तर तारीख लिहायचे आणि इतके दिवस भिंतीला हात लावू नका म्हणून बजावायचे.

मग बिघडलं कुठे? डास सरावले. गावाकडे मलेरिया पसरवणारा जो मुख्य ॲनोफिलिस आहे तो डीडीटीला दाद देईनासा झाला, आणि त्यात शेतीतल्या औषधांचाही वाटा होता. निर्मूलन होतच आलंय म्हणून कामात ढिलाई आली ती वेगळीच. १९७६ साली देशात पुन्हा ६४ लाखांहून जास्त केसेस झाल्या. पुढे डीडीटी माती-पाण्यात वर्षानुवर्षं राहतं, अन्नातून अंगात साठतं हे दिसल्यावर १९८९ साली शेतीसाठी ते बंद केलं, रोगनियंत्रणासाठी तेवढी मुभा राहिली. आता भिंतींना बऱ्याच ठिकाणी पायरेथ्रॉईड नावाच्या कीटकनाशकांच्या गटातली औषधं मारतात. तर काका, सरकारला नको आहे असं नाही, डासच बदललेत. आणि शहरातला डेंग्यूचा डास उघड्या भिंतीवर फारसा बसत नाही म्हटल्यावर तुमच्या गावचा उपाय इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

दिंडोरी तालुक्यातून एक द्राक्ष बागायतदार: आमच्याकडे फवारणीचा ब्लोअर आहे, बागेत थ्रिप्स किडीवर मारतो ती औषधं घरात शिल्लक असतात. तीच घराभोवती आणि गोठ्यात मारली तर चालतील का? लेबलवर नाव तर डासांच्या औषधासारखंच दिसतं.

नाही दादा, कृपा करून नाही. नाव सारखं असलं, म्हणजे लॅम्डा सायहॅलोथ्रिन हे पायरेथ्रॉईड शेतीतही आहे आणि भिंतीवर मारायच्या औषधातही आहे, तरी शेतीच्या बाटलीत जे द्रावक असतं ते बंद खोलीत श्वासातून घ्यायसाठी नाही. बागेत तुम्ही फवारून बाहेर येता, घरात तुम्ही रात्रभर झोपता. गोठ्यात तर गव्हाणीवर, चाऱ्यावर, गाईच्या अंगावर जाणार आणि तिथून दुधात. घराजवळ विहीर किंवा मासे सोडलेलं शेततळं असेल तर पायरेथ्रॉईड माशांना फार थोडंसुद्धा घातक आहे, हे कायम लक्षात ठेवा.

पण तुम्हाला एक गोष्ट शहरातल्या माणसापेक्षा चटकन कळेल. थ्रिप्सवर दर वर्षी एकाच गटातलं औषध मारत राहिलं तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी काय होतं? डोस वाढवता, खर्च वाढतो, थ्रिप्स तिथेच. डासाचं अगदी तसंच आहे. दिल्लीतल्या एडीस डासांत पायरेथ्रॉईडला दाद न देणारे जनुकीय बदल सापडलेत. आणि बाजारातली कॉइल, लिक्विड, हिट, सगळी मुख्यतः याच गटातली, म्हणजे घरोघरी रोज संध्याकाळी थोडं थोडं मारून आपणच त्यांना सराव देतोय. तुम्ही जसं गट बदलून फवारता तसं इथेही, डास कुठल्या औषधाला मरतोय याची आधी चाचणी करून औषध ठरवायला हवं, आणि ही मागणी लोकांनी आपल्या नगरसेवकाकडे, ग्रामपंचायतीकडे लावून धरायला हवी असं मला मनापासून वाटतं.

तुमच्याकडचं खरं काम ब्लोअरचं नाहीच. बागेत औषध कालवायचे ते दोनशे लिटरचे ड्रम, पावसाळ्यात उघडे पडलेले असतात, ते पालथे घाला.

गंगापूर रोडवरून कॉलेजचा एक विद्यार्थी: बॅक्टेरिया घातलेले डास सोडले की डेंग्यू जातो असं वाचलं, खरं आहे का?

खरं आहे. वोल्बाकिया नावाचा जिवाणू एडीसमध्ये घातला की डेंग्यूचा विषाणू त्याच्यात नीट वाढत नाही. इंडोनेशियात योग्यकर्ता शहरात झालेल्या चाचणीत असे डास सोडलेल्या भागांत डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी आढळला, निकाल २०२१ साली आला. आपल्याकडे पुद्दुचेरीच्या सरकारी संशोधन केंद्राने तसे डास तयार केलेत. आशेची गोष्ट आहे, पण तोवर घरातलं पिंप रिकामं करायला कुणाची परवानगी लागत नाही.

विहितगावहून एक वाचक: वालदेवीच्या कडेला राहतो. संध्याकाळी सातनंतर दार उघडायची सोय नाही एवढे डास. नदीत पाणवेली माजल्यात. नदीवर फवारणी करा म्हणून अर्ज दिलाय. डेंग्यूची भीती वाटते.

तुमचा त्रास खरा आहे पण हे डास डेंग्यूचे नाहीत. संध्याकाळनंतर झुंडीने येऊन कानाशी गुणगुणणारा तो बहुतेक क्युलेक्स, घाण साचलेल्या पाण्यात वाढतो, हत्तीरोग पसरवू शकतो. पाणवेलीत आणखी एक जात असते, तिच्या अळ्या श्वास घ्यायला वर येतच नाहीत, वनस्पतीच्या मुळांना नळी टोचून तिथूनच हवा घेतात, त्यामुळे पाण्यावर तेल टाका नाहीतर काही टाका, त्यांना फरक पडत नाही. अशा ठिकाणी धूर मारून एखाद-दोन संध्याकाळ बरं वाटेल, पुढे काही नाही. पाणवेली मुळासकट काढून काठापासून लांब नेणं, आणि त्यापेक्षाही नदीत येणारं सांडपाणी थांबवणं, हाच उपाय आहे कारण त्या सांडपाण्यावरच त्या माजतात. अर्जात फवारणीऐवजी हे मागा. आणि नदीकडे बघत बसून डेंग्यू विसरू नका, तो तुमच्या गच्चीवरच्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

इंदिरानगरहून एक आई: मुलीला बालदमा आहे. घरात काय लावू?

कॉइल आणि धूप अजिबात नको, बंद खोलीत कॉइलचा धूर दम्याला फार वाईट. खिडक्यांना जाळ्या बसवून घ्या, एकदाच खर्च आहे आणि चोवीस तास काम करतात. दिवसा झोपते तेव्हाही मच्छरदाणी. शाळेत जाताना पूर्ण बाह्या, आणि अंगाला लावायचं क्रीम तिच्या वयाला चालेल का ते बालरोगतज्ज्ञांना विचारून लावा.

अशोकनगर, सातपूरहून: हौदात गप्पी मासे सोडले तर फवारणी लागणार नाही ना?

हौदात, वापरात नसलेल्या विहिरीत, कारंज्यात जरूर सोडा, अळ्या चांगल्या खातात, महापालिकेच्या मलेरिया विभागाकडे चौकशी करा. नदी-नाल्यात मात्र सोडू नका, आपल्याकडचे छोटे मासे मागे पडतात. आणि डेंग्यूचा डास बाटलीच्या बुचातसुद्धा अंडी घालतो, तिथे मासा कसा सोडणार.

पाथर्डी फाट्याहून एका सोसायटीचे सेक्रेटरी: आम्ही दर महिन्याला प्रायव्हेट पेस्ट कंट्रोलवाल्याकडून पूर्ण आवारात फॉगिंग करून घेतो, मेंटेनन्समधून बऱ्यापैकी पैसे जातात. तरी यंदा पाच फ्लॅटमध्ये डेंग्यू. सभासद माझ्यावर चिडलेत, म्हणतात महिन्यातून दोनदा करा. करू का?

दोनदा नका करू, आहे तेही कमी करा आणि ते पैसे वळवा. वर ताईंना सांगितलं तेच इथे लागू आहे, महिन्यातून एकदा धूर म्हणजे मधल्या दिवसांत नव्या डासांच्या तीन-चार खेपा बाहेर पडतात.

एक करा, रविवारी सकाळी टॉर्च घेऊन आवारात फिरा, बरोबर चिडलेल्या सभासदांपैकी दोघं घ्या. लिफ्टच्या खड्ड्यापासून सुरुवात करा, बऱ्याच बिल्डिंगमध्ये तिथे वर्षभर पाणी असतं आणि लिफ्टमननंतर तिथे कुणी डोकावत नाही. पाण्यावर टॉर्च मारा, अळ्या असतील तर उजेड पडताच वळवळत तळाशी जातात, मग दोन-तीन मिनिटं न हलता थांबा, श्वास घ्यायला परत वर येऊन डोकं खाली करून लटकतात. ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला सभासद परत कधी फॉगिंगचं नाव काढत नाही, हे मी बऱ्याच सोसायट्यांमध्ये बघितलंय. मग बेसमेंटमधलं साचलेलं पाणी, गच्चीवरच्या टाक्यांची तुटकी झाकणं आणि ओव्हरफ्लो पाइपची उघडी तोंडं, सिक्युरिटी केबिनवरच्या ताडपत्रीच्या खळग्यातलं पाणी, वॉचमनच्या खोलीमागचा टायर. शेजारी बांधकाम चालू असेल तर स्लॅबवर क्युरिंगसाठी अडवलेलं पाणी, त्यांना लेखी कळवा.

नंतर घरं. फ्रिजच्या मागचा ट्रे (हा सगळ्यांचा राहतोच), कूलर, मनी प्लँटची बाटली, कुंड्यांखालच्या बशा, गॅलरीतलं पक्ष्यांचं पाणी. एडीसची मादी एका वेळची अंडी एकाच जागी घालत नाही, चार-पाच ठिकाणी थोडी थोडी घालते, त्यामुळे तीस घरांनी केलं आणि दोन घरांनी दार उघडलं नाही तरी डासांना तेवढं पुरतं.

नुसतं पाणी ओतून भागत नाही बरं का. अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या पातळीच्या जरा वर भांड्याच्या आतल्या कडेला चिकटवलेली असतात, बारीक काळे ठिपके दिसतात, आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, पुन्हा पाणी भरलं की अळ्या तयार. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडं रिकामं करून काथ्याने आतून घासायचं, पालथं घालून वाळवायचं. लिफ्टच्या खड्ड्यासारखं जे रिकामं करता येत नाही तिथे टेमिफॉस, म्हणजे महापालिकेचे लोक ज्याला अबेट म्हणतात ते, नाहीतर बीटीआय हे जिवाणूचं औषध, ते अळीच्या आतड्यावर काम करतं आणि माणसाला त्रास नाही.

सभासदांना पुरावा हवा असेल तर सांगा की निकाराग्वा आणि मेक्सिकोत वस्त्या-वस्त्यांमध्ये लोकांनी स्वतः हे काम उचललं, जास्तीचं औषध न वापरता, आणि मुलांमधला डेंग्यूचा संसर्ग तिथे साधारण तीस टक्क्यांनी कमी आढळला, २०१५ साली ते छापून आलंय. फवारणीच करायची तर कुठे करायची तेही ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स शहराने दाखवलंय, तिथे साथीच्या वेळी घरात आत जाऊन पलंगाखाली, कपाटांच्या मागे, भिंतीच्या खालच्या भागावर टिकणारं औषध मारलं, आणि अशा घरांत पुढे डेंग्यू व्हायची शक्यता ८६ ते ९६ टक्क्यांनी घटली. पण त्याला प्रत्येक घराचं दार उघडावं लागतं आणि प्रशिक्षित माणूस लागतो.

तेव्हा या महिन्याचं फॉगिंगचं बिल भरायच्या आधी टाक्यांची झाकणं आणि ओव्हरफ्लो पाइपांना बांधायची बारीक जाळी यांचं कोटेशन मागवा, लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी उपसायला पंप आणा, आणि आशाताई किंवा महापालिकेचे कर्मचारी भांडी तपासायला आले तर गेटवर अडवू नका असं सिक्युरिटीला आजच लिहून द्या.